वाचकांचे प्रश्न : पेडल दाबलं की ट्रक मान टाकतो

या वेळच्या टपालात जुन्या ट्रकांची पत्रं जास्त आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे. पेडल दाबलं की गाडीने पुढे झेप घ्यायची, ती उलट दबते. एक पत्र पेट्रोलच्या गाडीचं आहे, बाकी सगळी पंपावर इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसलेल्या, साध्या यांत्रिक डिझेल पंपाच्या गाड्यांची आहेत. पुढे लिहिताना तीन गोष्टी न विसरता लिहा : गाडी दबते तेव्हा धूर कोणत्या रंगाचा येतो, रिकामी असताना दबते की भरलेली असताना, आणि इंजिन थंड असताना दबते की तापल्यावर. एवढं कळलं तर निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच असतं.

प्रश्न : टाटा ४०७, १९९८ सालची. चिपळूणहून कऱ्हाडला जांभ्याचे चिरे नेतो. सपाटीला गाडी छान पळते, पण कुंभार्ली घाटात चार-पाच किलोमीटर चढलं की पेडल पूर्ण दाबूनही दम जातो, दुसऱ्या गिअरातसुद्धा इंजिन गुदमरतं. धूर अजिबात नाही. दहा मिनिटं बाजूला लावली की पुन्हा बरी चालते. सकाळी एका सेल्फला सुरू होते. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे टाकले. मिस्त्री म्हणतात, पंप उतरवून कॅलिब्रेशन (डिझेलचं माप जुळवणं) करावं लागेल. करावं का?

उत्तर : अजून नको. पंपाला हात सगळ्यात शेवटी.

तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी पंप निर्दोष असल्याची साक्ष देतात. धूर नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये जळायला पुरेसं डिझेलच येत नाही. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल खराब असतं किंवा फवारण्याचं टायमिंग हललं असतं, तर काळा नाहीतर पांढरा धूर नक्की दिसला असता. दुसरं म्हणजे दहा मिनिटांच्या विश्रांतीने गाडी बरी होते. म्हणजे कुठेतरी काहीतरी साचत जातं आणि थांबल्यावर सुटतं. पंपाचा घासलेला प्लंजर (डिझेल ढकलणारा दट्ट्या) दहा मिनिटांत बरा होत नसतो.

सपाटीला चालते आणि घाटातच मरते, याचं कारण साध्या हिशेबात आहे. जागेवर रेस न देता चालणारं हे तीन लिटरचं इंजिन तासाला लिटरभरही डिझेल पीत नाही. भरल्या गाडीने चढाला पेडल पूर्ण दाबलं की तेच इंजिन तासाला दहा-बारा लिटरच्या पुढे मागतं. वाट अर्धी बुजलेली असली तरी सपाटीची गरज त्यातून भागते. घाटात मात्र पंपाच्या तोंडाशी दुष्काळ पडतो.

पहिली तपासणी फुकटची आहे. टाकीचं झाकण. झाकणात हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. ते चिखलाने किंवा जांभ्याच्या लाल धुळीने बुजलं की डिझेल जितकं बाहेर जातं तितकी टाकीत पोकळी तयार होते आणि टाकीतून डिझेल ओढून मुख्य पंपाला देणाऱ्या छोट्या फीड पंपाला डिझेल ओढवत नाही. घाटात दम जाईल तेव्हा गाडी सुरक्षित जागी लावा, चाकांना उटी (दगड) द्या आणि झाकण हळूच सैल करा. हवा आत शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर दोष सापडला. झाकण डिझेलमध्ये धुऊन छिद्र मोकळं करा. आवाज आला नाही, तरी एक फेरी झाकण सैल ठेवून, वर स्वच्छ कापड बांधून करून बघा. त्या फेरीला टाकी काठोकाठ भरू नका, नाहीतर वळणावर डिझेल सांडून मागच्या दुचाकीवाल्याचा जीव धोक्यात येईल.

झाकण निर्दोष निघालं तर माझा संशय टाकीतल्या ओढीच्या नळीवर आहे. या नळीच्या तोंडाला जाळी असते. पंचवीस वर्षं जुन्या टाकीत गंजाचा चुरा, पावसाळ्यात शिरलेलं पाणी आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर वाढणारा काळा बुळबुळीत गाळ असतोच. शिवाय डब्याने डिझेल ओतताना पडलेली पिशवीची चिंधी किंवा फनेलवरच्या कापडाचे धागेही त्यात असतात. जोराची ओढ लागली की हे सगळं जाळीला चिकटतं. इंजिन बंद केलं की ओढ थांबते, कचरा सुटून तळाशी बसतो आणि गाडी पुन्हा ‘बरी’ होते. तुमचं लक्षण याला अगदी जुळतं. फिल्टर नवे टाकूनही फरक पडला नाही त्याचं कारणही हेच, कचरा फिल्टरच्या अलीकडे आहे.

खात्री करायला डब्याची चाचणी घ्या. दहा लिटरचा स्वच्छ डबा, त्यात गाळलेलं डिझेल आणि फीड पंपाच्या तोंडाला बसेल अशी डिझेलला टिकणारी नळी एवढं साहित्य पुरतं. टाकीकडून येणारी नळी फीड पंपावरून काढा, तिचं तोंड बुचाने बंद करा आणि डब्यातली नळी तिथे क्लॅम्पने घट्ट बसवा. डबा केबिनमध्ये ठेवायचा नाही. केबिनच्या मागे, हौद्याच्या पुढच्या जाळीला, सायलेन्सरपासून लांब दोरीने पक्का बांधायचा. उरलेलं डिझेल मागे नेणारी परतीची नळी तशीच टाकीत जाऊ द्या, मात्र डब्यातलं डिझेल त्यामुळे भराभर उतरतं हे ध्यानात ठेवा. आता भरल्या गाडीने, घाटात नव्हे तर गावाजवळच्या एखाद्या लांब चढावर, तिसऱ्या गिअरात तीसच्या वेगाने पेडल पूर्ण दाबून बघा. गाडी ओढायला लागली तर टाकी, जाळी किंवा टाकीपासूनची नळी दोषी. टाकी उतरवून धुवा. नळीत उलटी हवा मारून काम भागवू नका. कचरा टाकीत परत जातो आणि पुढच्या फेरीला पुन्हा जाळीवर येऊन बसतो.

डब्यावरही दम गेला, तर फीड पंपाकडे वळा. याच्या पोटातच एक छोटी जाळी असते, ती बऱ्याच गॅरेजांत वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. ती धुवा. मग इनलेटची नळी काढून तिथे बोट ठेवा आणि हाताचा प्रायमर (डिझेल ओढायचा छोटा दट्ट्या) चालवा. बोट ओढलं गेल्याचं स्पष्ट जाणवलं पाहिजे, आणि सोडताना डिझेल बोटाकडे परत ढकललं जाता कामा नये. परत येत असेल तर आतले वाल्व किंवा त्यांच्या स्प्रिंगा गेल्या आहेत. त्यांचा किट मिळतो, पंपाच्या कॅलिब्रेशनच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत काम होतं.

यापुढची गोष्ट लहान आहे, पण ती मी जरा जवळून सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. इंजेक्शन पंपावरून (म्हणजे नोझलांना डिझेल देणाऱ्या मुख्य पंपावरून) परतीची नळी जिथून निघते, तिथला बॅन्जो बोल्ट (नळी धरणारा पोकळ बोल्ट) हा साधा बोल्ट नसतो. त्याच्या आत स्प्रिंग आणि गोळी असते. पंपाच्या पोटात साधारण एक ते दीड बार दाब टिकवून धरणं आणि उरलेलंच डिझेल परत सोडणं हे त्याचं काम. बाहेरून तो शेजारच्या साध्या बॅन्जोसारखाच दिसतो. कधी फिल्टर बदलताना या दोघांची अदलाबदल होते, कधी दुकानदार साधा पोकळ बोल्ट देतो. मग डिझेल पंपात थांबतच नाही, सरळ टाकीत परत जातं. ओळख सोपी आहे. बोल्ट काढा, आरपार बघा. उजेड दिसला किंवा तोंडाने फुंकर सहज पार गेली तर तो साधा बोल्ट आहे किंवा आतली स्प्रिंग मोडली आहे. बोल्ट न काढता बघायचं तर चढावर दम जातो तेव्हा मदतनिसाने खाली उतरून, गाडी उभी करून, रेस देताना परतीची रबरी नळी क्षणभर पकडीने दाबावी. रेस उचलली तर संशय या बोल्टवर. प्लंजरवाल्या फीड पंपाचा दाब त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगपुरताच चढतो, म्हणून क्षणभर दाबल्याने काही फुटत नाही.

शेवटची खात्री गेजने. शून्य ते चार बारचं गेज फिल्टरच्या पुढे, पंपाच्या इनलेटला लावा. त्याची नळी लांब घेऊन गेज आरशाच्या दांडीला बाहेरून बांधा म्हणजे काचेतून वाचता येईल. जागेवर एक-दीड बार आणि चढावर पूर्ण पेडलला काटा शून्याकडे घसरतोय, तर पंपाला डिझेल मिळत नाही. मग फिल्टरच्या आधी आणि नंतर असं दोनदा मोजा. दोन्हींत मोठा फरक आला तर नवा असला तरी फिल्टर दोषी, आधीच कमी असेल तर फीड पंप किंवा त्याच्यामागची वाट. काटा चढावरही स्थिर राहिला आणि तरी गाडी ओढत नसेल, तेव्हाच पंप उतरवायचा. ज्याला आपण सगळे अजून मायकोचा पंप म्हणतो (कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं), तो मालवाहू गाडीवरचा सगळ्यात सोशिक भाग आहे. त्याला विनाकारण उघडणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

प्रश्न : टाटा १६१३, टर्बो. हंगामात कारखान्यावर ऊस वाहतो. पेडल दाबलं की काळ्या धुराचा लोट निघतो, गाडी जड होते आणि पाणीही तापतं. मिस्त्रींनी पंपाचं डिझेल वाढवून दिलं, तेव्हापासून धूर आणखी वाढला. लिटरमागची सरासरीही पडली आहे.

उत्तर : वाढवलेलं डिझेल आज परत पहिल्यासारखं करून घ्या, बाकी सगळं नंतर. काळा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचा कोळसा. इंजिन आधीच हवेसाठी तडफडतंय, त्यात आणखी डिझेल ओतलं तर ते सिलिंडरमध्ये कामाला न येता सायलेन्सरात जळतं. त्यानेच पाणी तापतं. असंच चालवलं तर पिस्टन चिकटेल, टर्बोचं चाक जाईल, हेड तडकेल. हंगामाच्या मधोमध हे झालं तर किती नुकसान होतं ते ऊसवाहतूकदाराला सांगायला नको.

हवेचा हिशेब बघा. तुमच्या इंजिनाचं नाव ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), एकूण ५,६७५ सीसी. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर टर्बो धरला नाही तरी मिनिटाला सुमारे ६,८०० लिटर हवा लागते. टर्बोचा दाब त्यावर आणखी भर घालतो. एवढी हवा पाचटाचा भुसा आणि शेतरस्त्याची माती भरलेल्या फिल्टरमधून ओढून घेणं इंजिनाला शक्य नाही.

म्हणून सुरुवात फिल्टरपासून. कागदी फिल्टर डिझेलने किंवा पेट्रोलने धुवायचा नाही, कागदाची छिद्रं मिटतात. हवा मारायची ती आतून बाहेर, दोन-तीन बारच्या पुढे नाही, आणि नळीचं तोंड कागदापासून थोडं दूर धरून. मग अंधारात फिल्टरच्या आत बल्ब धरून बघा. ठिपक्यासारखा उजेड दिसला तर कागद फाटला आहे, फेकून द्या. त्यातून जाणारी माती टर्बोची पाती आणि रिंगा झिजवते. दोन-तीनदा झाडून झालेला फिल्टर हंगामात वापरत राहण्यात बचत नाही. तेलाच्या भांड्याचा फिल्टर असेल तर तेल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलं तर ते ओढलं जातं आणि धुरात निळसर छटा येते.

फिल्टर ठीक असेल तर त्यापुढची रबरी होस बघा, तीही इंजिन चालू असताना. जुन्या होसचं आतलं अस्तर सुटतं आणि रेस दिली की चिकटून वाट बंद करतं. बंद इंजिनावर होस अगदी नवी दिसते. मदतनिसाला रेस द्यायला सांगा आणि हाताने चाचपा, चपटी होत असेल तर बदला.

टर्बोच्या पुढच्या, म्हणजे दाबाच्या बाजूला उलटं असतं, तिथे हवा बाहेर निसटते. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावा आणि रेस द्या. बुडबुडे आले किंवा सांध्याभोवती काळपट तेलाचा ओघळ दिसला तर क्लॅम्प बदला. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या मधल्या पॅकिंगपाशी काजळी दिसत असेल, तर टर्बो फिरवणारा वायूच वाटेत निसटतोय. टर्बोचा शाफ्ट बोटाने वर-खाली किंचित हलणं ठीक आहे. पण चाक घराला घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा शाफ्ट पुढे-मागे सरकतो असं जाणवलं, तर टर्बो कामाला द्या.

आता ज्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही ते. गाडीला एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून वेग रोखणारा) असेल तर त्याची पाकळी अर्धवट मिटून अडकलेली असू शकते. वर्षभर उभ्या राहणाऱ्या आणि हंगामातच पळणाऱ्या गाड्यांत हे फार होतं. काजळीने आस जाम होते, हवेचा सिलिंडर दाब सोडतो पण पाकळी पूर्ण उघडत नाही. जागेवर काहीच कळत नाही. पेडल दाबलं की धूर बाहेर पडायला वाट नसते, जुनी हवा सिलिंडरमध्येच राहते, नवी कमी शिरते आणि काळा लोट निघतो. इंजिन थंड असताना बाहेरच्या लिव्हरला धरून पाकळी पूर्ण उघडते का ते हाताने बघा. तेल मारून, हलवून मोकळी करा आणि गाडी उभी असतानाही आठवड्यातून एकदा हा ब्रेक दाबत जा. सायलेन्सरच्या आतला पत्रा मोडून आडवा पडला तरी अशीच लक्षणं दिसतात. पाइपचा सांधा मोकळा करून, जागेवर अर्धा मिनिट रेस देऊन फरक पडतो का ते कळतं.

हे सगळं नीट निघालं तर नोझल. एकेका सिलिंडरचा पाइपनट थोडा सैल करून बघा. ज्या सिलिंडरवर सैल केल्याने चालीत फरकच पडत नाही, ते सिलिंडर काम करत नाही. हात कधीही फवाऱ्यासमोर आणू नका, जाड कापड वर धरा, चष्मा लावा. नोझल साधारण २०० बारच्या दाबाला उघडतं आणि तो फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट गमवावं लागू शकतं, म्हणून तसं झालं तर तासभरही न थांबता दवाखाना गाठायचा. ही चाचणी फक्त जुन्या यांत्रिक पंपावर करायची. कॉमनरेलच्या (सगळ्या नोझलांना एकाच नळीतून प्रचंड दाबाचं डिझेल देणाऱ्या) गाडीवर नट सैल करणं जिवावरचं आहे. नोझल चाचणी यंत्रावर नेताना सहाही न्या. थेंब गळणारं एक नोझल बाकी पाचांची मेहनत वाया घालवतं. परत बसवताना टोकाखालचा तांब्याचा वॉशर नवा टाका, आणि जुना भोकातच चिकटून राहिलेला नाही ना ते बॅटरी मारून बघा. दोन वॉशर एकावर एक बसले की फवारा चुकीच्या उंचीवर पडतो.

एक सूक्ष्म गोष्ट. टर्बोच्या काही गाड्यांत पंपावरच्या गव्हर्नरच्या (इंजिनाचे फेरे आवरणाऱ्या भागाच्या) डोक्यावर छोटा डबा असतो आणि त्याला इनलेट मॅनिफोल्डकडून बारीक नळी येते. टर्बोचा दाब चढला की हा डबा डिझेल वाढवतो. ती नळी तुटली किंवा आतला पडदा फाटला तर गाडी धुराशिवाय दबते. तुमच्याकडे धूर आहे, त्यामुळे हा दोष तुमचा नाही, पण याच तक्रारीने पंप उघडून घेणाऱ्यांनी आधी ती नळी बघावी.

प्रश्न : डिझेल फिल्टर बदलल्यापासून गाडी झटके मारते, रेस दिली की बंदही पडते. फिल्टर डुप्लिकेट असेल का?

उत्तर : असू शकतो, पण आधी हवा बघा. टाकी ते फीड पंप ही ओढीची बाजू. तिथल्या फटीतून डिझेल टपकत नाही, उलट हवा आत शिरते, म्हणून ‘कुठेच गळत नाही’ हा पुरावा धरू नका. फीड पंपापुढे दाब असतो, तिथली फट ओली दिसते.

फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन फेरे सैल करा, प्रायमरने बुडबुडे संपेपर्यंत पंप मारा, स्क्रू मारतामारताच आवळा. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. दोन फिल्टर असतील तर टाकीच्या जवळचा आधी. प्रायमरचा खटका खाली दाबून पूर्ण फिरवून बसवायला विसरू नका, सैल राहिला की तिथूनच हवा घेतो. तरी झटके राहिले तर फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा आणि रेस द्या. बुडबुड्यांची मोत्यांसारखी माळ सरकताना दिसली की मागचा प्रत्येक सांधा तपासा. तांब्याचे वॉशर प्रत्येक वेळी नवे टाकावेत. नवे हाताशी नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. आवळून आवळून बॅन्जोचे आटे मात्र खाऊ नका.

प्रश्न : क्लचचं काम करून आणल्यापासून गाडी टॉपला ओढत नाही. धूर नाही, कायमच अशी, थंड असो वा गरम.

उत्तर : क्लचच्या कामात गिअरबॉक्स उतरतो, वायरी-लिंक हलतात. एकाने पेडल तळापर्यंत दाबावं, दुसऱ्याने पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का ते बघावं. टेकत नसेल तर लिंक लावताना चुकलं आहे, किंवा पेडलखाली मॅट अडकतंय. टेकत असेल तर इंजिन बंद करायची वायर बघा. ती अर्धवट ओढलेली राहिली तर पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) पूर्ण सरकतच नाही आणि गाडी आयुष्यभर अर्ध्या डिझेलवर चालते. पंपाजवळ तिचा स्टॉप लिव्हर हाताने ‘चालू’कडे ढकलून बघा. तो आणखी सरकला तर उत्तर मिळालं. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : जुनी गाडी, थंड असताना जोरदार. तासभर चालल्यावर पिकअप मरतो आणि बंद केली तर तापलेलं इंजिन लवकर सुरू होत नाही. पंपावर थंड पाणी ओतलं की सुरू होते.

उत्तर : पाणी ओतणं आजपासून बंद करा. प्लंजर आणि त्याच्या नळीतली फट दोन-चार मायक्रॉनची असते. तापलेल्या पंपावर एकदम थंड पाणी पडलं की बाहेरची नळी आधी आकसते आणि प्लंजर तिथेच आवळला जाऊ शकतो.

लक्षण मात्र खरं सांगतंय. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या प्लंजरच्या कडेने मागे निसटतं. सेल्फवर पंप हळू फिरतो, निसटायला वेळ जास्त मिळतो, म्हणून गरम इंजिन सुरू होत नाही. या पानावरच्या सगळ्या पत्रांत पंप खरोखर उतरवायला हवा असा हा एकच मामला आहे. त्याआधी दोन गोष्टी बघा. इंजिन ऑइलची पातळी न भरता वाढत असेल आणि काडीवरच्या तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल निसटून तेलात जातंय. असं तेल बेअरिंग खातं, आधी तेल बदला. दुसरं म्हणजे डिझेल कुठून भरता ते तपासा. रॉकेल मिसळलेलं डिझेल मुळातच पातळ आणि रुक्ष असतं, नवा पंपही त्यावर वर्षभरात झिजतो. पंप दुरुस्त करून आणाल आणि तेच डिझेल भराल तर पैसा पाण्यात. पंप चाचणीच्या बाकावर लावला की प्रत्येक प्लंजरचं डिझेल सेल्फच्या वेगालाही मोजून कागदावर मागून घ्या, फक्त वरच्या वेगाचे आकडे घेऊन परत येऊ नका.

प्रश्न : अमेरिकेत राहतो. फोर्ड एफ-१५० पिकअप, १९८० ची, तीनशे क्युबिक इंचांचं सहा सिलिंडर इंजिन, कार्बुरेटर. सिग्नलवरून निघताना पेडल दाबलं की क्षणभर गुदमरते, मग उचलते.

उत्तर : ‘क्षणभर’ हाच धागा. पेडल एकदम दाबलं की हवा झटक्यात वाढते, पेट्रोल मागे राहतं. ती उणीव भरायला कार्बुरेटरमध्ये अॅक्सिलरेटर पंप असतो. इंजिन बंद आणि थंड असताना एअर क्लीनर काढा, आत बघत थ्रॉटल हाताने फिरवा. हलवल्याच क्षणी पेट्रोलची सणसणीत धार दिसली पाहिजे. धार उशिरा आली, लुळी असली किंवा आलीच नाही तर त्या पंपाचा पडदा गेला. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबराचे पडदे कडक होतात, म्हणून किट घेताना इथेनॉलला टिकणारं घ्या. आसपास सिगारेट, दिवा काहीही नको.

धार चांगली असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे आणणाऱ्या डबीची) नळी काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली पाहिजे आणि आतली प्लेट सरकलेली दिसली पाहिजे. ओढ सुटली तर पडदा फाटला आहे. त्याच फाटीतून इंजिन फुकटची हवाही घेत असतं. गुदमरणं क्षणभराऐवजी लांब चढावर सुरू झालं तर मग फ्लोटची पातळी, पेट्रोल फिल्टर आणि इंजिनावरचा यांत्रिक पेट्रोल पंप, या क्रमाने जा.

प्रश्न : चढाला इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे जात नाही. डिझेल कमी पडतंय का?

उत्तर : नाही. डिझेल कमी पडलं तर फेरे पडतात. तुमचे वाढतात, म्हणजे क्लच घसरतोय. क्लच पेडलला वर थोडी मोकळी चाल आहे का ते आधी बघा. चाल नसेल तर ती सेट करून एक फेरी मारा, तरी घसरला तर प्लेट आणि मागच्या सीलची तेलगळती बघा.

फेरेही पडत असतील आणि धूर-डिझेल सगळं ठीक असेल, तर सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थांबा आणि सगळ्या चाकांच्या ड्रमजवळ हाताची पाठ न्या, टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा जास्त धगधगत असेल तर त्याचा ब्रेक धरून बसला आहे. त्या चाकाचं ग्रीस वितळून बेअरिंग जाण्याआधी ड्रम उघडा.